दोन इंच फोम

माझ्या ऑफिसात एक लाकडी पेटी आहे. आतून करड्या, टोकदार फोमचं अस्तर लावलेली. क्लायंट आला की मी मोबाइलवर अलार्म लावतो, मोबाइल पेटीत ठेवतो आणि झाकण बंद करतो. किणकिणाट गडप. क्लायंट हसतो, स्वतः झाकण उघडून पुन्हा बंद करून बघतो, कधी कधी 'माशाल्ला' म्हणतो. बावीस वर्षं मी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातून आवाज खाणारा फोम विकतोय. जनरेटरच्या खोल्या, एसीचे डक्ट, रेकॉर्डिंग स्टुडिओ, मोठ्या व्हिलांमधल्या मजलिस म्हणजे बैठकीच्या खोल्या, जिथे म्हणाल तिथे. या पेटीने मला पगारही दिला आणि थोडाफार गर्वही.

त्या पेटीत मी ढोलाचा आवाज मात्र कधी लावून दाखवला नाही. पंपाचा नाही, कॉम्प्रेसरचा नाही. ते आवाज झाकण लावल्यावरही बाहेर येतात, आणि विकणाऱ्याने असल्या गोष्टी कशाला दाखवाव्यात? आवाजाची लाट जितकी लांब, तितका तिला खायला फोम जाड लागतो. अलार्मची लाट चार बोटांची, तिला दोन इंच फोम पुरतो. पंपाचा जो खालचा, घुमणारा आवाज असतो त्याची लाट खोलीपेक्षा लांब. ती साध्या फोमने खायची म्हटली तर पाच फूट जाड थर लागेल. हे मला पाठ आहे. ऑफिसातल्या नव्या इंजिनिअरांना मीच शिकवतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते माहीत नव्हतं म्हणून केलं, अशी पळवाट मला ठेवायची नाही.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात आई आमच्याकडे आली. तीन महिन्यांचा व्हिजिट व्हिसा होता. आम्ही शेजारच्या शहरात, अल बर्शाला राहतो, सगळ्यात वरच्या मजल्यावर. कागदोपत्री घर दोन बेडरूम आणि एक मेड्स रूम असं आहे. एक बेडरूम आमची, एक मुलीची. मुलीची दहावी होती, त्यामुळे तिच्या खोलीला हात लावायचा प्रश्नच नव्हता. आईची सोय मेड्स रूममध्ये केली. आम्ही अर्थात तिला मेड्स रूम म्हणत नव्हतो. देव्हारा तिथे होता म्हणून देवाची खोली म्हणायचो. आई देवाच्या खोलीत झोपते, हे ऐकायला किती छान वाटतं! आमच्या ओळखीतल्या निम्म्या मराठी घरांत हेच चालतं. देव, रिकाम्या बॅगा आणि भारतातून आलेले आईवडील, तिघांना एक खोली. अकरा फूट लांब, साडेसहा फूट रुंद, खिडकी नाही. बिल्डिंगवाल्याने मोलकरणीसाठी बांधलेल्या खोलीत मी माझ्या आईला ठेवलं, हे वाक्य इतक्या सरळ शब्दांत मी आज पहिल्यांदा लिहितोय.

आईबद्दल थोडं सांगायला हवं. कराडला आमची पिठाची गिरणी होती. वडील लवकर गेले, त्यानंतर एकोणीस वर्षं आईने ती एकटीने चालवली. पट्टा तीच चढवायची, ग्रीस तीच भरायची. मोटरच्या अंगावर तळहात ठेवून सांगायची की बेअरिंग आठ दिवसांत जाणार, आणि ते जायचं. गिरणीच्या त्या आवाजाने तिच्या कानांची मात्र वाट लावली होती. दाराची बेल तिला ऐकू यायची नाही, मोबाइल वाजलेला कळायचा नाही, नातीचं बारीक आवाजातलं बोलणं अर्धं निसटायचं.

आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "ती डोक्याकडची भिंत घुमतीय बघ."

"एसी असेल," मी म्हटलं.

"एसी बंद केला तरी घुमतीय. कुठल्या तरी मोटरखालचं रबर गेलंय. तुमच्या वॉचमनला सांग, म्हणावं बघून घे."

मला हसू आलं. चाळीस मजली इमारती उभ्या करणाऱ्या गावात कराडची गिरणीवाली मोटरच्या रबरातली खोट काढतेय! मी म्हटलं, "आई, तुला दाराची बेल ऐकू येत नाही आणि भिंत ऐकू येते?"

हे वाक्य घरात भलतंच गाजलं. मुलगी तर आल्यागेल्याला सांगायची, "आजी कान्ट हिअर द बेल, बट शी कॅन हिअर द वॉल." आईसुद्धा हसायची, आपल्यावरचा विनोद आहे हे कळूनही. आता खरी गोष्ट अशी की गोंगाटात आयुष्य काढलेल्या माणसाचे कान आधी वरचे, बारीक आवाज गमावतात. खालचे, घुमणारे आवाज त्यांना शेवटपर्यंत नीट ऐकू येतात. बेल न ऐकणारी आणि भिंत ऐकणारी बाई हा विनोद नव्हताच, तो माझ्या धंद्यातला पहिला धडा होता. त्या धड्याची स्लाइड माझ्या लॅपटॉपमध्ये आहे.

आठवड्याभराने आईचे डोळे ओढलेले दिसायला लागले. "झोप लागंना," म्हणायची. मग एका शनिवारी सकाळी मी ऑफिसातून आवाज मोजायचं मीटर घरी आणलं. आणलं ते मोजायला नव्हे, वाद संपवायला. खोलीच्या बरोबर मध्ये उभा राहिलो, हात लांब करून मीटर धरलं. आकडा आला एकतीस डेसिबल.

"हे बघ आई. लायब्ररीतसुद्धा एवढी शांतता नसते."

तिने चष्मा लावला, आकडा वाचला. मग म्हणाली, "जरा उशीपाशी धर की."

"असं नसतं मोजायचं. मध्येच धरायचं असतं."

"बरं. मग भिंतीला हात तरी लावून बघ."

मी हात लावला. इथे मला खरं लिहायचं आहे. माझ्या तळहाताला काहीतरी लागलं. फार बारीक, लागलं न लागलं असं. मनात म्हटलं, या शहरात कुठली भिंत थरथरत नाही? आणि हात काढून घेतला. तो आवाज खरा ठरला असता तर आईला दुसरी खोली द्यावी लागली असती. म्हणजे मुलीची, नाहीतर आमची. हा विचार तेव्हा मी शब्दांत केला नव्हता, पण केला होता.

ते मीटर 'ए' सेटिंगवर होतं. माणसाच्या सर्वसाधारण कानाला खालचे आवाज कमी जाणवतात, म्हणून त्या सेटिंगवर यंत्र खालचे आवाज मोठ्या प्रमाणात कापून मग आकडा दाखवतं. घुमण्याची तक्रार असेल तर ते सेटिंग वापरायचं नसतं. आणि लांबट बंद खोलीत घुमणारा आवाज दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी सगळ्यात मोठा असतो, बरोबर मध्ये सगळ्यात बारीक. हेही मीच शिकवतो. आईची उशी टोकाच्या भिंतीला होती. सातवी शिकलेल्या माझ्या आईने मला मीटर कुठे धरायचं ते बरोबर सांगितलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी फोम आणला. ऑफिसात सॅम्पलचे तुकडे पडलेले असतात, दोन इंच जाडीचे, टोकदार. आठ तुकडे गाडीत टाकले. बायको म्हणाली, "त्यापेक्षा आईंना आपल्या खोलीत झोपू दे ना. आपण हॉलमध्ये गाद्या टाकू." मी म्हटलं, "माझ्या कामावर विश्वास नाही का तुझा?" दोन इंच फोमने काहीही होणार नाही हे घरात फक्त मला माहीत होतं. लहान मूल पडल्यावर आपण जमिनीला चापट मारून दाखवतो ना, तसा मी तो फोम लावत होतो. माझ्या आईसाठी.

आईने मात्र ते काम फार मनावर घेतलं. भिंत ओल्या फडक्याने पुसून दिली, एकेक तुकडा हातात दिला, मागे सरून "डावीकडं जरा खाली गेलाय," असं सांगत राहिली. सगळं झाल्यावर फोमवर बोट दाबून बघितलं. "हा खातो आवाज?"

"खातो की. सगळा."

"काय एकेक शोध लावलेत," ती म्हणाली आणि फडकं धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपणहून सांगितलं, की आता बरं आहे. मला बरं वाटलं, आणि त्याच वेळी मनात एक गणित पक्कं झालं. दोन इंच फोमने घुमणारा आवाज थांबूच शकत नाही. हिचा थांबला. म्हणजे आवाज नव्हताच, जे काही होतं ते हिच्या डोक्यात होतं. किती बिनचूक गणित! त्याचा मला चक्क अभिमान वाटला.

पण झोप काही सुधारली नाही. दुपारी ती सोफ्यावर बसल्या बसल्या पेंगायची. मुलीच्या ट्यूशनची बाई समोर बसलेली असताना एकदा घोरायला लागली, मुलगी रडवेली झाली. दोनदा दूध उतू गेलं. तिसऱ्यांदा गॅस तसाच राहिला, तेव्हा बायको घाबरली. शिवाय आईच्या काही सवयी आम्हाला विचित्र वाटायला लागल्या होत्या. उशाशी पाण्याचं तांब्या-भांडं ठेवायची, पण भांडं तांब्यावर पालथं घालताना मध्ये घडी केलेला रुमाल घालायची. का, विचारलं तर म्हणायची, "वाजतं." शांत खोलीत ठेवलेलं भांडं वाजतं! आम्ही एकमेकांकडे बघितलं.

आमच्याच शहरात करामा भागात एक मराठी डॉक्टर आहेत, आमच्याकडचे बरेच लोक त्यांच्याकडे जातात. सज्जन माणूस. त्यांनी आईला नीट तपासलं, बीपी बघितलं, मग विचारलं, "काकू, झोपमोड कशाने होते? घरात कसला आवाज वगैरे?"

आईने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "डॉक्टर, आवाज मी स्वतः मोजलाय. माझं कामच ते आहे. खोलीत काही नाही."

डॉक्टरांनी तरीही तिलाच विचारलं. "काकू, तुम्हाला येतो आवाज?"

आईने माझ्याकडे बघितलं. मग मांडीवरच्या पर्सकडे. म्हणाली, "येत होता आधी. ह्याने फोम लावला तेव्हापासून नाही येत."

मी डॉक्टरांना इंग्रजीत समजावून सांगितलं की या फोमने तसला आवाज थांबणं शक्यच नाही. रुमालाचं सांगितलं. गॅसचं सांगितलं. आई शेजारी बसून आमच्या तोंडांकडे बघत होती, इंग्रजी कळत नसताना आपल्याविषयीच चाललंय हे ज्याला कळतं त्या माणसासारखी. डॉक्टरांनी मान हलवली आणि एक गोळी लिहून दिली, रोज जेवणानंतर. मन शांत राहील, म्हणाले, सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवा. गाडीत मी आईला बजावलं, "ही गोळी सोडायची नाही हं, काही झालं तरी." ती म्हणाली, "नाही सोडत."

सहा आठवडे ती राहिलीच नाही. व्हिसा शिल्लक असताना जानेवारीत परत गेली. घरची आठवण येते, म्हणाली. मी फार आग्रह केला नाही. विमानतळावर तिने नातीच्या हातात पाचशेची नोट ठेवली, मला म्हणाली, "फोमवर धूळ बसंल, मधनं मधनं झटकत जा." पुढे कराडची बहीण फोनवर सांगायची की आई हल्ली मंद झालीय, बोलता बोलता डुलकी घेते, पेपर वाचत नाही. मी म्हणायचो, वय झालं. गोळीचं आठवायचं, तिकडच्या डॉक्टरांना दाखवा असं सांगायचो, आणि फोन ठेवल्यावर विसरायचो.

त्याच वर्षी ऑक्टोबरात आमच्या कंपनीने नव्या प्रकारचा फोम आणला. दिसायला साधा, काळा, चार इंच जाड. पण त्याच्या पोटात बारीक वजनं आणि पातळ पडदे पुरलेले असतात. घुमणारा आवाज आला की ती वजनं फोमवर थरथरतात आणि आवाजाचा जोर आतल्या आत जिरतो. कुठला आवाज खायचा ते आधी ठरवून, तेवढ्यासाठी जुळवून तो बनवता येतो. पाच फुटांचं काम चार इंचांत. मला त्याचं खरोखर कौतुक होतं, अजून आहे. चाचणीसाठी लहान, कडक भिंतींची, शांत खोली हवी होती. तिथे स्पीकरवर घुमणारा आवाज सोडायचा, फोम लावण्याआधी मोजायचा, लावल्यावर मोजायचा. मी म्हटलं, माझ्या घरी आहे अशी खोली. एकदम शांत.

शनिवारी सकाळी ऑफिसातली एक ज्युनिअर इंजिनिअर सामान घेऊन घरी आली. केरळची मुलगी, कामात फार पक्की. खोलीत देव्हारा होता, बॅगा होत्या, आईचा पलंग तसाच होता. तिने माइक कोपऱ्यात, डोक्याकडच्या भिंतीपाशी लावला. खालचे आवाज मोजताना कोपराच धरतात. लॅपटॉप उघडला आणि थांबली.

"सर, स्पीकर ऑन है क्या?"

"नहीं."

"पक्का? फिफ्टी पे बहुत बडा पीक है."

मी वाकून बघितलं. स्पीकरची वायर अजून प्लगला लावलेलीच नव्हती. पडद्यावर पन्नास हर्ट्झपाशी एक उंच, बारीक सुळका उभा होता. बाकी सगळी रेघ सपाट.

तिने जागा करण्यासाठी उशाकडच्या स्टुलावरचं तांब्या-भांडं उचललं. बायकोने ते घासून पुन्हा तिथेच ठेवलं होतं, रुमालासकट. रुमाल खाली पडला. तिने भांडं तांब्यावर नुसतंच पालथं घातलं आणि ते वाजायला लागलं. माशी अडकल्यावर येतो तसा भुणभुणता आवाज. तिने बोट ठेवलं, थांबला. उचललं, पुन्हा सुरू.

"सर, यहाँ कौन सोता है?"

मी म्हणालो, "कोई नहीं. स्टोअर रूम है."

भिंतीच्या खुंटीवर आईची जपमाळेची गोमुखी अजून लटकत होती. तिने ती बघितली असावी. मग तिची नजर फोमकडे गेली आणि ती मोकळेपणाने हसली. "और ये टू इंच फोम किसने लगाया? लो फ्रीक्वेन्सी के लिए?"

"पुराने टेनंट ने लगाया होगा," मी म्हणालो.

एकही शब्द तिने वाईट हेतूने उच्चारला नव्हता. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, तसं माझ्याच शिकवलेल्या मुलीने माझे कान टोचले, आणि मी तिला दोन वाक्यांत दोनदा खोटं सांगितलं. आधी खोलीतून आईला काढलं, मग फोमवरून स्वतःला.

सोमवारी बिल्डिंगच्या मेन्टेनन्सला फोन केला. पेशावरचा एक वयस्क टेक्निशियन आला, मला घेऊन गच्चीवर गेला. आमच्या त्या भिंतीच्या मागून थंड पाण्याचे पाइप खाली जातात, आणि त्यांचा पंप बरोबर वर बसवलेला आहे. त्याने पंपाखाली हात घातला आणि काळा भुगा तळहातावर घेऊन मला दाखवला. "साब, रबर तो कब का खलास." नवीन रबर बसवायला त्याला एक तास लागला. मी खाली येऊन भिंतीला हात लावला. तेव्हा कळलं की आधी हाताला काय लागत होतं. ते आता नव्हतं.

त्याच वेळी फोन उचलून आईला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. वीस दिवस नाही सांगितलं. ग्राफ मात्र वाया जाऊ दिला नाही. रबर बदलल्यावर आम्ही स्पीकरवर तोच पन्नासचा आवाज तितकाच मोठा सोडला, नवा काळा फोम लावला, सुळका बुटका झाला. सुंदर निकाल होता. मी त्याची स्लाइड केली, 'रहिवासी इमारतीतली एक लहान खोली' असं लिहिलं आणि अबुधाबीतल्या क्लायंटसमोर उभा राहून समजावलं. एकाने विचारलं, त्या खोलीत राहणाऱ्या कोणाची तक्रार होती का? मी म्हणालो, "नो कम्प्लेन्ट." आणि पुढची स्लाइड काढली. घरी येताना गाडी रस्त्याच्या कडेच्या पेट्रोल पंपावर थांबवून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. मला माझी किळस आली होती. यापेक्षा सौम्य शब्द शोधून बघितला, मिळाला नाही.

रविवारी दुपारी आईला फोन लावला. बहिणीने फोन तिच्या हातात दिला. तिचा आवाज जड होता, नुकती उठल्यासारखा.

"आई, तो आवाज होता."

"कुठला?"

"देवाच्या खोलीतला. गच्चीवर पंप आहे, त्याच्या खालचं रबर गेलं होतं."

"हां," ती म्हणाली. "मग बदललं का?"

"बदललं."

"बरं झालं. आजूबाजूच्यांनाही त्रास होत असंल."

मी ठरवून ठेवलेलं सगळं विसरलो. विचारलं, "आई, मग तू डॉक्टरांना का सांगितलंस, फोम लावल्यावर येत नाही म्हणून?"

"अरे, तू एवढा राबून लावलास. आणि परक्या माणसासमोर मी कसं म्हणू की माझ्या पोराचा फोम चालत नाही? तुझा धंदा आहे तो. त्या डॉक्टराकडं दहा माणसं येत असतील."

म्हणजे माझं ते बिनचूक गणित तिच्या या एका वाक्यावर उभं होतं. तिने माझी लाज राखली आणि मी तोच पुरावा म्हणून तिच्याविरुद्ध वापरला. ती "हॅलो, हॅलो" करायला लागली, लाइन गेली असं तिला वाटलं.

"आहे मी," म्हटलं. "आई, ती गोळी अजून घेतेस?"

"घेते की. तू म्हणाला होतास ना, सोडायची नाही."

"आता नको घेऊस. म्हणजे एकदम नको, ताईला घेऊन डॉक्टरांकडे जा, त्यांना विचारून हळूहळू बंद कर. ती लागतच नव्हती तुला. माझी चूक झाली."

मागे कुकरची शिट्टी झाली, ती तिला अर्थात ऐकू आली नसणार.

"मशीनवर आलं ना पण नक्की?" तिने विचारलं.

"आलं."

"उशीपाशी धरलं होतंस?"

"हो आई. उशीपाशीच."

"नाही, म्हणजे मला मधनं मधनं वाटायला लागलं होतं, की माझंच डोकं..." तिने वाक्य सोडून दिलं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बरं. तू म्हणतोस तर सोडते."